चेरमनची डबल बेल

रविवारी आमच्या धरणावर शहरातली माणसं येतात. अंगात जाकीट चढवून तासभर वल्ही मारतात, आणि काठाला लागली की त्यांच्यातला एखादा हमखास मला बाजूला घेऊन विचारतो, "ताई, स्वतःची एक कयाक घ्यायचा विचार चाललाय. पहिलीच. जरा लांबवर फिरता येईल अशी. कुठली घेऊ?"

मला आता लांबी, रुंदी, वजन, कप्पे, सगळं सांगता येतं. पण तोंडातून आधी निघतं ते एकच. "आधी तिच्यातून बाहेर पडून बघा. बसायचं नंतर."

समोरचा हसतो. त्याला वाटतं, बाई गमती आहे. हे वाक्य खरं तर चेरमनचं आहे, आणि ते म्हणताना चेरमन कधी हसल्याचं मला आठवत नाही.

चेरमन म्हणजे आमच्या सहकारी संस्थेचे चेअरमन. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांच्या घरच्या लोकांची ही संस्था. आधी नुसती मासेमारीची होती, होड्या नंतर आल्या. चेरमनना नावानं कुणी हाक मारत नसे. त्यांची बायकोसुद्धा "आमचे चेरमन जेवायचेत अजून" असंच म्हणायची. ते निवडून कसे आले, हे गाव अजून चवीनं सांगतं. संस्थेत दोन गट, एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. शेवटी दोघांनी मिळून ह्यांना बिनविरोध केलं, कारण हा माणूस पाण्याला इतका भ्यायचा की धरणातला एक मासासुद्धा चोरून नेणं त्याला जमलं नसतं. घोट्याच्या वर पाणी आलं की ते मागं फिरायचे.

सगळी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. कधी बीड-नेकनूर, कधी बीड-गेवराई. निवृत्त झाल्यावर खाकी उतरवून धोतर नेसायला लागले, पण अंगातला कंडक्टर काही उतरला नाही. चार माणसं एका जागी दिसली की त्यांची बोटं हलायला लागायची, डोकी मोजत. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी मांडवाच्या मागं एक चक्कर मारून यायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बाहेर पडायचा मार्ग बघून आलो." एसटीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं ना, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग', ते ह्यांच्या डोक्यात कायमचं रंगवलेलं होतं. देवळात, दवाखान्यात, व्याह्याच्या घरी, कुठंही गेले तरी नजर आधी तो मार्ग शोधायची.

आणि त्यांची ती बेल. हातात कायम एक किल्ली. चौकटीवर एकदा ठोकली म्हणजे थांबा, दोनदा ठोकली म्हणजे चला. पाहुणे निघाले की चेरमन दारात उभे राहायचे, मोटरसायकलची चाकं बघायचे, मागं बसलेल्या बाईचा पदर चाकापाशी तर जात नाही ना ते बघायचे, आणि समाधान झालं तरच किल्ली दोनदा वाजायची. त्यांचे जावई एकदा गाडी चालू करून बसले ते बसलेच. चेरमन लेकीच्या पदराला लावायला पीन शोधत आत गेलेले, पीन सापडेना, आणि बेल झाल्याशिवाय निघायची जावयाची हिंमत होईना. आमच्या गावात "थांब, डबल बेल होऊ दे" ही थट्टाच होऊन बसली होती. मीही थट्टा करायचे, आणि घरात कुठंही एकदा टक् झालं की हातातलं काम सोडून उभीही राहायचे. लग्न होऊन आले तेव्हा ते शेजारी होते. माझ्या सासऱ्यांपेक्षा त्यांचाच वचक मला जास्त.

पण ज्या वर्षाची मी गोष्ट सांगतेय, त्या वर्षी मला त्या माणसाची थट्टा सुचत नव्हती. फक्त धास्ती वाटत होती.

दुष्काळ होता. धरणात पाणी नव्हतं हे सांगून कुणाला कळायचं नाही. धरणाच्या मधोमध शेळ्या बसायच्या. गाळ वाळून त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. अशा वर्षात गावात राहतं कोण? आम्ही नवरा-बायको दोन हंगाम ऊसतोडीला जाऊन आलो होतो. बारावी शिकलेली मी, पहाटेच्या थंडीत पाचटात बसून ओला ऊस सोलताना मला रडू यायचं आणि रडायला सवड नसायची. त्या वर्षी घरात दुखणं निघालं म्हणून आम्ही मागं राहिलो. पण पुढच्या हंगामाला ट्रक दारात उभा राहणार हे ठरलेलं होतं, आणि आमची पोरगी शाळेत घालायच्या वयाची झाली होती. तिला फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या खोपटात नेऊन ठेवायची मला नव्हती.

अशात संस्थेला जलपर्यटनाची योजना मंजूर झाली. सरकारी योजना पाणी बघून येत नाही, मार्च बघून येते. मार्चअखेरच्या आत होड्या निवडून मागणी नोंदवायची, नाहीतर पैसे परत. होड्या चालवायला, लोकांना शिकवायला सभासदांच्या घरचीच माणसं घ्यायची होती. मी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. नवरा म्हणाला, "होड्या चालू झाल्या तर राहू गावात. न्हाईतर ट्रक." म्हणजे माझं सगळं त्या एका होडीवर आलं, आणि होडी निवडायचं काम आलं पाण्याला भिणाऱ्या चेरमनवर.

पुण्याहून कंपनीचा माणूस तीन कयाका टेम्पोत घालून घेऊन आला. अर्धी चड्डी, डोळ्यावर काळा गॉगल, बोलायला गोड. उतरून चौफेर बघत म्हणाला, "धरण किती लांब आहे इथून?"

"तुमी धरणातच उभे हायत," चेरमन म्हणाले.

त्यानं गॉगल काढला. मग निमूटपणे होड्या उतरवून भेगाळलेल्या मातीवर ओळीनं मांडल्या आणि माहिती सांगायला लागला. ही टूरिंग, ती रिक्रिएशनल, असं काहीसं.

"टूरिंग मंजे?"

"लांब जायला, काका. सामान घेऊन, दिवसभर."

"मंजे लांब पल्ल्याची." चेरमननी पिवळ्या, रुंद होडीला पायानं हलवलं. "आन् ही मंजे साधी गाडी. गावोगाव थांबत जाणारी."

तो हसला. म्हणाला, बरोबर. पिवळी आखूड आणि पसरट, बसलं की गादीवर बसल्यासारखं वाटायचं. दुसरी लाल, फायबरची, सडपातळ, लांब, इतकी हलकी की मी एकटीनं खांद्यावर घेतली. ती बघताच माझा जीव तिच्यावर गेला. तिसरी निळी. लांबीला लालपेक्षा कमी, रुंदीला पिवळीपेक्षा कमी, जाड प्लास्टिकची आणि वजनाला अंमळ जडच. हिला पुढं आणि मागं हवाबंद कप्पे होते, त्यांना घट्ट झाकणं. दिसायला अगदी ठोंब.

"लाल घ्या," मी म्हणाले.

"कावून?"

"पळती."

"आपल्याला पळायचं न्हाई, परत यायचं हाय." चेरमन लालभोवती फिरले, वाकून बसायच्या भोकात हात घातला, आत चाचपलं. "ह्याच्यात बाहेर पडायचा मार्ग कुठंय?"

कंपनीवाल्यानं सांगितलं, मार्ग एकच, बसलात तिथूनच. होडी पालथी झाली तर डोकं खाली जातं, घाबरायचं नाही, पुढं वाकायचं, दोन्ही हात कडांवर टेकून स्वतःला ढकलायचं, की माणूस सुटतो आणि जाकीट त्याला वर आणतं. तो हे इतक्या सहज सांगत होता की चेरमनचा चेहराच उतरला. "पालथी होती मंजे?" त्यांनी तीनदा विचारलं.

मग त्यांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पाणी नव्हतं, तर मातीची. लाल होडी भुसकट भरलेल्या पोत्यावर आडवी ठेवून मला आत बसवलं आणि म्हणाले, हल. मी हलले की ती एकदम कलंडायची. पिवळी जागची हलेना. मला वाटलं संपलं, साधी गाडी पसंत. पण चेरमन घमेलं घेऊन आले आणि म्हणाले, हिच्यात पाणी शिरलं तर किती मावंल ते बघू. पाणी कुठलं! आम्ही धरणातली माती भरभरून टाकायला लागलो. पिवळी नुसती माती खात सुटली. तोंडापासून शेपटापर्यंत एकच पोकळी, कितीही टाका. निळीत मात्र बसायच्या जागेपुरती माती मावली आणि घमेलं थांबलं, कारण दोन्ही टोकांना बंद कप्पे. कंपनीवाला डोक्याला हात लावून बघत होता. नव्या होडीवर मातीचे ओरखडे पडत होते आणि त्याला मध्ये बोलता येत नव्हतं.

"तर्क बरोबर आहे काका," शेवटी तो म्हणाला. "कप्पे असलेली बुडत नाही, तरंगत राहते. नवशिक्यांना निळीच घ्या. रुंदीही बेताची आहे, लवकर हात बसतो."

मी सुटकेचा श्वास सोडला. मार्च संपत आलेला, होडी ठरली.

"पाण्यात बघितल्याबिगर न्हाई," चेरमन म्हणाले.

अख्ख्या शिवारात पाणी राहिलं होतं ते एकाच ठिकाणी. पलीकडच्या एका मोसंबीवाल्याच्या शेततळ्यात. खड्ड्याला काळं प्लास्टिक अंथरलेलं, तळाशी छातीएवढं पाणी, आणि त्याच्या जिवावर उभी असलेली बाग. तो माणूस तळ्यावर खाट टाकून बसायचा. चेरमननी त्याच्या इतक्या विनवण्या केल्या की मला लाज वाटली. शेवटी तो तयार झाला, पण अटीवर. साबणाचं अंग नको, थुंकायचं नाही, आणि थेंबभर पाणी बाहेर न्यायचं नाही.

आम्ही तिथं गेलो तेव्हा मी पदर खोचून पुढं झाले. नवऱ्यानं दोर धरलेला, कंपनीवाला काठावर. चेरमननी किल्लीनं तळ्याच्या नळावर एकदा ठोकलं. थांबा.

"आधी मी," ते म्हणाले.

"तुमी? तुमाला पवायला येतं का चेरमन?"

"न्हाई येत. म्हणूनच. पवणाऱ्याला कोणची बी होडी चांगली वाटंल."

आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात न गेलेला माणूस जाकीट घालून, धोतर सावरत त्या निळ्या होडीत बसला. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते की कंपनीवाल्यानं सांगितलेलं पाठ म्हणत होते, कळलं नाही. मग त्यांनीच कंपनीवाल्याला खूण केली आणि त्यानं होडी पालथी केली.

मला वाटलं होतं, आता वर येतील. आले नाहीत. निळी पाठ तेवढी वर, आणि ती आतून धडपडीनं हलत होती. जाकीट त्यांना वर ओढत होतं आणि खालून कशानं तरी धरून ठेवलं होतं. मी किंचाळले. नवऱ्यानं दोर ओढला, मी प्लास्टिकवरून घसरत कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि होडीच्या टोकाला लोंबकळले. कंपनीवाल्यानं उडी घेऊन होडीला खांदा दिला आणि एका झटक्यात ती सरळ केली. चेरमन आतच होते. डोळे सताड उघडे, नाकातोंडातून पाणी. आत पाय टेकायला दोन खुंट्या असतात, पेडलसारख्या. धोतराचा सोगा त्या खुंटीला गुरफटून बसला होता. त्यांना बाहेर काढलं ते धोतर आतच ठेवून.

काठावर बसवलं तेव्हा त्यांचे दात वाजत होते. त्या वैशाखासारख्या उन्हात. कंपनीवाला रडकुंडीला आला होता. "सॉरी काका, हे कधीच झालं नाही. आमच्याकडं सगळे शॉर्ट्सवर बसतात. धोतराचं डोक्यातच आलं नाही."

त्याच्याच काय, आमच्याही आलं नव्हतं. आणि मी तर नऊवारीच्या निऱ्या पोटाशी खोचून बसायला निघाले होते.

मोसंबीवाला एवढा वेळ तोंडावर हात ठेवून उभा होता. मग भानावर येत म्हणाला, "चेरमन, जीव वाचला, लई चांगलं झालं. धोतर मातर तळ्यातच पिळा."

त्यानंतर चेरमन घराबाहेर दिसेनात. कंपनीवाला होड्या घेऊन परत गेला, मागणीचा कागद सहीसाठी संस्थेत पडून. मार्चचे शेवटचे दिवस, आणि दोन्ही गटांचे लोक मलाच विचारायचे, का गं, म्हातारा मागं फिरला का? मी रोज त्यांच्या दारावरून जायचे. एकदा त्यांच्या बायकोनं मला आत बोलावलं, म्हणाली, "बघ तरी, काय खूळ हाय." चेरमन बाजेवर उलटे लोंबकळत होते. डोकं खाली, पाय बाजेच्या दोऱ्यांत अडकवलेले, आणि डोळे मिटून पाय सोडवायचा प्रयत्न करत होते. सुटले की पुन्हा अडकवायचे.

त्यांना सरळ होऊन बसू दिलं आणि मी म्हणाले, "चेरमन, तुमी सही न्हाई केली तर मला कोयता घ्यावा लागंल. पोरगी कोपीत न्यावी लागंल."

"आन् केली, आन् कुणाची पोरगी त्या होडीत पालथी झाली तर?"

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली जी गावानं मला आधीच शंभरदा हसत सांगितली होती. त्यांची गाडी एकदा नाल्याच्या पुलापाशी आली, पुलावरून पाणी चाललेलं. ड्रायव्हर म्हणाला, जाऊ. चेरमननी सिंगल बेल दिली. गाडी भरलेली, लोक शिव्या घालायला लागले. एवढ्यात मागून एक ट्रक आला आणि पाण्यातून सरळ पार झाला. त्या दिवसापासून कंडक्टर भित्रा हे नाव पडलं ते पडलंच.

"लोक म्हणत्यात, ट्रक गेला, मंजे पाणी कमी होतं. पण त्यो गेला म्हणून पाणी कमी न्हवतं, पोरी. त्यो गेला, एवढंच."

मी म्हणाले, "आन् तुमची गाडी? ती तिथंच ऱ्हायली का?"

"गेली की. पाणी उतरल्यावर."

"मंजे बेल दिलीच ना तुमी शेवटी."

ते माझ्याकडं बघत राहिले. मी घरी आले आणि माझं मलाच वाईट वाटत राहिलं की आपण फार बोललो, की कमी बोललो.

दुसऱ्या दिवशी चेरमन संस्थेच्या ओसरीवर आले ते खाकी पँट घालून. कंडक्टरकीतली जुनी, कमरेला सैल झालेली, पट्टा आवळलेला. पोरं फिदीफिदी हसली. चेरमननी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की निळी होडी घ्यायची, आतल्या खुंट्या काढून गुळगुळीत पट्टी बसवून द्यायची असं कंपनीनं कबूल केलंय, आणि ज्यानं एकदा पडून, सुटून दाखवलं नाही त्याला वल्हं मिळणार नाही. आणि धोतर, लुगडं, साडी, काही चालणार नाही. पँट.

"बायांनी बी?" कुणीतरी विचारलं.

"बायांनी आधी."

माझ्या सासूबाई तिथंच उभ्या होत्या. सुनेनं गावात पँट घालायची ही गोष्ट आमच्यात होणारी नव्हती. चेरमन त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "वहिनी, मी ह्या वयात गावासमोर पँट घालून हिंडतोय. पुढं बी हिंडणार. आता हसायचंच असंल तर लोकांला आधी मला हसू द्या." आणि खरंच, त्या दिवसापासून त्यांनी पुन्हा धोतर नेसलं नाही. शेजारच्या लग्नातसुद्धा ती सैल खाकी. मला नवऱ्याची पँट घालून पहिल्यांदा गल्लीतून जायची वेळ आली तेव्हा चेरमन माझ्या पुढं दहा पावलं चालत होते, आणि सगळं गाव त्यांनाच बघत होतं. त्या माणसावर मी तेव्हा जेवढी माया केली तेवढी माझ्या बापावरही कधी केली नसेल.

सही झाली. होड्या आल्या. त्यांनी काठावरच्या बाभळीला शाळेत असतो तसा रुळाचा तुकडा टांगला, ठोकायला लोखंडी गज आणला. सगळं तयार झालं. आणि पाऊस आलाच नाही.

पोळा गेला, दिवाळी आली, ट्रक आला. होड्या संस्थेच्या पत्र्याखाली एकावर एक पडलेल्या आणि आम्ही बोचकी बांधून रस्त्यावर. पोरगी माझ्या कडेवर. चेरमन आले. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली, जशी त्या तीन होड्यांभोवती मारली होती. चाकं बघितली, मागचा फाळका हात लावून हलवून बघितला, वर बसलेली डोकी मोजली. कोयते, भांडी, शेळ्या, लेकरं, सगळं एकात एक. मग टोळी नेणाऱ्या मुकादमाकडं गेले.

"ह्याच्यात बाहेर पडायचा मार्ग कुठंय?"

मुकादम हसला. "चेरमन, ऊसतोडीला कशाला लागतो मार्ग?"

चेरमन हसले नाहीत. मला म्हणाले, "फाळक्यापाशी बसू नको. पोरीला मधी धर." ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ट्रक निघाला तेव्हा मी मागं बघत होते. किल्ली त्यांच्या हातात होती, हात वर उचललेला होता, पण बेल काही त्यांनी दिली नाही. ट्रक तसाच गेला.

तो हंगाम कसा गेला ते मी इथं सांगणार नाही. आम्ही परत आलो तेव्हा चेरमन मला आधी होड्या दाखवायला घेऊन गेले. सगळा हिवाळा त्यांनी एकेक होडी उलटीपालटी करून पुसली होती, झाकणांना तेल लावलं होतं. म्हणाले, "उंदरानं एका जाकिटाचा पट्टा कुरतडला हाय. बाकी सगळं ठीक."

त्या पावसाळ्यात धरण भरलं. भरलं म्हणजे इतकं, की जिथं आम्ही माती टाकून होड्यांची परीक्षा घेतली होती ती जागा कुठं गेली ते सांगता येईना. दसरा तोंडावर आलेला. मुकादमाचा निरोपही आलेला. नवऱ्याचं म्हणणं तेच, होड्या चालू झाल्या तर राहू. पण होड्या चालू होईनात, कारण चेरमनच्या हातून बेल पडेना. रोज काठावर यायचे, गज उचलायचे, पाण्याकडं बघायचे. वारा आहे म्हणायचे. ढग आहेत म्हणायचे. आज अमावास्या म्हणायचे. आम्ही सगळे पडून, सुटून दाखवून झालो होतो, पुन्हा पुन्हा. दोन्ही गट एकत्र येऊन त्यांच्यावर चिडले होते. आणि मी रोज घरी आले की बांधायच्या बोचक्याकडं बघत बसायचे.

मुकादम ज्या दिवशी यायचा होता त्या दिवशी सकाळी मी होडी काठाला लावून आत बसले. पोरगी सासूबाईंच्या हाताशी उभी होती. चेरमन पळतच आले. त्यांनी दोन्ही कप्प्यांची झाकणं दाबून बघितली, माझ्या जाकिटाचे पट्टे ओढले, पँटचे पाय दुमडायला लावले.

"पडलीस तर?"

"पुढं वाकंन. कडंला हात टेकंन. ढकलंन."

"मंग?"

"मंग बाहेर."

ते बाभळीपाशी गेले. गज उचलला. खाली ठेवला. परत आले, पट्टे पुन्हा ओढले. पुन्हा जाऊन गज उचलला.

टण् टण्.

मी काठाला वल्हं लावून ढकललं आणि होडी सुटली. चार हात मारले असतील नसतील, तोच मागून पुन्हा आवाज आला. एकदाच.

टण्.

लग्न होऊन आल्यापासून त्या एका ठोक्याला मी थांबत आले होते. हात जागीच अडकले. होडी थोडी डगमगली, आणि सावरली. मग मी वल्हं पाण्यात घातलं आणि ओढलं.

बऱ्याच वेळानं मागं वळून बघितलं. चेरमन काठाकाठानं, चिखलातून, गुडघ्याएवढ्या पाण्यातून माझ्याबरोबर चालत येत होते. खाकी पँट भिजलेली, अंगात जाकीट, आणि हातात तो गज तसाच धरलेला.